जन्मतःच

"हे जन्मतःच असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि विकासने श्वास सोडला.

भारतीला तो ऐकू आला. बाहेर व्हरांड्यात स्ट्रेचरची चाकं करकरत होती, कुणाचं तरी तान्हं मूल किंचाळत होतं, खोलीतला पंखा दर फेऱ्याला अडखळत होता, आणि तरी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने सोडलेला एक श्वास तिला स्वच्छ ऐकू आला. इतक्या वर्षांच्या संसारात माणसाचे श्वास पाठ होतात. पाळी करून आल्यावर बूट काढताना सोडतो तो वेगळा, आईचा फोन ठेवल्यावरचा वेगळा. हा तिने पूर्वी एकदाच ऐकला होता. अंबरनाथच्या ज्या केमिकल कंपनीत विकास सुपरवायझर होता तिथे एका कामगाराचा हात कोपरापर्यंत भाजला होता. चौकशी बसली, आणि झडप उघडी राहिली ती विकासच्या पाळीत नव्हे, आधीच्या पाळीत, असं ठरलं. त्या दिवशी घरी येऊन, दाराला पाठ लावून त्याने असाच श्वास सोडला होता. मग पोटभर जेवला होता. भाजलेल्या माणसाला भेटून येऊ म्हणाला होता, तेवढं मात्र राहून गेलं.

डॉक्टर चैत्राली वयाने फार मोठ्या नव्हत्या. मुंबईतल्या त्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मेंदूची ऑपरेशनं त्या करत होत्या आणि समोरच्या आईबापांना समजेल असं बोलायचा प्रयत्न करत होत्या. पडद्यावर जिज्ञासाचं डोकं होतं. आठ वर्षांच्या मुलीचं डोकं आतून असं राखाडी, अक्रोडासारखं दिसतं हे भारतीला कळायची काही गरज नव्हती. "हे काळे थेंब दिसतायत ना?" डॉक्टरबाईंनी पेनाचं टोक फिरवलं. "इथे, इथे, आणि हे वर. ही चरबी आहे. एवढ्या ठिकाणी अशी सुटी चरबी असायचं काही कारण नसतं. ती आली इथून." टोक कपाळामागच्या एका गोल काळ्या डागावर थांबलं. "ह्याला डर्मॉइड सिस्ट म्हणतात. बाळ पोटात अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असतं, आईला दिवस गेलेत हेसुद्धा कधी कधी कळलेलं नसतं, तेव्हा कातडीच्या घड्या मिटत असतात. त्यात कातडीचा एवढासा तुकडा आत अडकून राहतो. आता त्या कातडीला कुठे माहीत असतं आपण आत आहोत म्हणून? ती आपलं बाहेरच्यासारखं काम करत राहते. तेल सोडते, केस उगवते. पिशवी भरत जाते, वर्षानुवर्षं. हिच्या डोक्याला मार लागला आणि ती पिशवी फुटली. आतलं तेल मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरलं. ते तिथे चालत नाही, दाह होतो. म्हणून डोकं दुखणं, ओकाऱ्या, आणि ती फिट."

"म्हणजे पडली नसती तरी झालंच असतं," विकास म्हणाला. तो प्रश्न नव्हता.

"तसं सांगता येणार नाही. कधीतरी फुटलं असतं, किंवा कधीच फुटलं नसतं. काहींना म्हातारपणापर्यंत पत्ताही नसतो. आत्ता मात्र माराने फुटलंय असंच दिसतं."

पण विकास पुढचं ऐकत नव्हता. गेला आठवडाभर दाढी न केलेला, ओठांना साल आलेला त्याचा चेहरा हळूहळू माणसाचा होत होता. भारती त्याच्याकडे पाहत राहिली. तो शब्द त्याच्या अंगावरून उतरलेला तिने डोळ्यांनी पाहिला, आणि उतरलेली वस्तू कुठेतरी ठेवावी लागते. खोलीत तिघंच होती. डॉक्टरबाई तर पगारी. आपल्या पदराला कुणीतरी काही बांधून गेलंय असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात डॉक्टरबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघत विचारलं, "नक्की कशी पडली ती?"

"बाथरूममध्ये घसरली," भारती म्हणाली.

दुसऱ्यांदा ते किती सोपं गेलं. पहिल्यांदा म्हणून झाल्यावर जीभ टाळ्याला चिकटली होती. ती संध्याकाळ होती, घर सोनिवलीचं, चौथ्या मजल्यावरचं, जिथे बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर ह्यांच्यामध्ये भिंत घालायचं बिल्डरला सुचलं नव्हतं. जिज्ञासाला शाळेसाठी 'माझे कुटुंब' असा तक्ता करायचा होता. आईचा फोटो मिळाला, आजीचा मिळाला, पण पप्पाचा एकट्याचा फोटो घरात कुठेच नव्हता. मग तिने खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून त्याचा कंपनीचा गेटपास काढला, कात्रीने फोटो नीट चौकोनी कापून घेतला, तक्त्याच्या बरोबर मध्ये चिकटवला, वर लाल स्केचपेनने 'माझे पप्पा' लिहिलं, आणि डिंक वाळायच्या आत त्याला दाखवायला धावत आली. भारती ओट्यापाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिची पाठ होती. आधी तिला थप्पड ऐकू आली. मग ओट्याच्या कडप्प्याच्या कडेचा आवाज, अगदी तिच्या कमरेजवळ. तो आवाज कशासारखा होता हे शोधायला ती मनाला अजूनही सोडत नाही. मन तिकडे निघालं की ती दुसरं काहीतरी मोजायला घेते, दुधाच्या पिशव्या, कारखान्यातल्या मशीनवरच्या बायका, काहीही.

आणि विकास राक्षस नव्हता, हीच तर पंचाईत. राक्षस असता तर एव्हाना तिने काहीतरी केलं असतं, निदान असं तिला वाटायचं. तो मुलीला खांद्यावर घेऊन गणपती दाखवणारा बाप होता. तिला ताप आला की कपाळावरच्या पट्ट्या तोच बदलायचा. पण कंपनीतून तो कसला तरी कोंडलेला धूर घेऊन यायचा, आणि तो कधी रिमोटवर निघायचा, कधी दारावर, आणि कधीमधी पोरीच्या गालावर. फार नाही. शेजारच्या घरांत निघतो त्याहून जास्त नाही. भारतीनेही जिज्ञासाच्या पाठीत धपाटे घातले होतेच की. घरात मारणं ही घटनाच नव्हती. मिठासारखं ते होतं, जास्त पडलं की बोलायचं. त्या दिवशी जिज्ञासा खाली पडली तसा तोच आधी धावला. "माझ्या हातून काय झालं, भारती, काय झालं," म्हणत त्याने तिला उचललं, लिफ्ट बंद होती तर चार मजले तसाच उतरला. रिक्षात ती त्याच्या मांडीवर होती, भुवईतून आलेलं रक्त टॉवेलात मुरत होतं, आणि ती त्याला म्हणत होती, "सॉरी पप्पा. सॉरी ना."

कुळगावातल्या छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घालता घालता विचारलं, कसं लागलं. विकासने तोंड उघडलं. तो खरं सांगणार होता की खोटं, हे भारतीला आजही माहीत नाही, कारण तिने त्याला सांगूच दिलं नाही. "बाथरूममध्ये घसरली," ती म्हणून गेली. कुणी तिला शिकवलं नव्हतं, कुणी डोळे वटारले नव्हते. त्याच्या आईला, शेजाऱ्यांना, शाळेतल्या बाईंना विकासच्या वतीने उत्तर द्यायची तिच्या तोंडाला सवय लागली होती. ते तोंड आपणहून उघडलं. बापाच्या खांद्यावर डोकं टेकलेल्या जिज्ञासाने डोळे किलकिले करून आईकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटून घेतले.

टाके घालून घरी पाठवलं. दोन दिवस मुलगी बरी वाटली, मग डोक्यात आत काहीतरी गरम सांडल्यासारखं वाटतं असं म्हणू लागली. उजेड नको म्हणायची. मान वळवायला घाबरायची. ओकारी झाली तेव्हा कौसाबाई, भारतीची सासू, म्हणाली की पित्त झालंय, शाळा बुडवायला निमित्त. भारतीने मुलीला घरी सोडलं नाही, आपल्याबरोबर उल्हासनगरला नेलं. कॅम्प तीनमध्ये हरेश शेठच्या जीन्सच्या कारखान्यात ती चेकर होती. शिवून आलेल्या पँट उलट्या करायच्या, टाका सुटला आहे का बघायचं, लोंबणारे धागे कापायचे. तिने मुलीला कापडाच्या गठ्ठ्यावर निजवलं आणि कात्री हातात घेतली. मशीनच्या आवाजात किती वेळ गेला कळलं नाही. गठ्ठा हलतोय असं तिला दिसलं, आणि वाटलं उंदीर असेल. मग दिसला जिज्ञासाचा हात, एका लयीत झटके देणारा, जणू कुणीतरी आतून मशीनचं पायडल दाबतंय. एकेक करत सगळ्या मशीन थांबल्या. कुणी म्हणालं चप्पल हुंगवा, कुणी कांदा आणायला पळालं. हरेश शेठ गल्ल्यावरून उठून आला, म्हातारा सिंधी माणूस, गुडघे दुखणारा, सगळ्यांना हाकलून तो खाली बसला आणि पोरीला कुशीवर वळवलं. "भारती, रो मत. गाडी निकालता हूँ मैं. चप्पल-विप्पल कुछ नहीं, डॉक्टर के पास जाने का." तिथून तपासणी, तिथून मुंबई, आणि पडद्यावरचे ते काळे थेंब.

वॉर्डात डॉक्टर चैत्राली जिज्ञासाच्या खाटेवर बसल्या. औषधांनी फिट थांबली होती, मुलगी शुद्धीत होती. डॉक्टरबाईंचं बोट तिच्या नाकाच्या दांडीवर थांबलं, दोन भुवयांच्या जरासं खाली. तिथे टाचणीने टोचावं एवढा खळगा होता. "ह्यातून केस यायचा का कधी?"

"यायचा," भारती म्हणाली. एकच, काळा, राठ. जावळ काढलं तेव्हापासून तो तिथे होता. कौसाबाई म्हणाली होती, लक्ष्मीचं बोट लागलंय, पोर नशीब काढील. जिज्ञासा शाळेत जायला लागल्यावर पोरं चिडवतील म्हणून भारती दर काही दिवसांनी तिला उजेडात बसवून चिमट्याने तो केस उपटायची. तो परत यायचा. ती परत उपटायची. केसाचं दुसरं टोक कुठे आहे असा विचार कोणती आई करते?

"हा त्या पिशवीचाच रस्ता आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. पण खाटेच्या पलीकडे उभा असलेला विकास भारतीकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत गेल्या आठवड्यात नसलेलं काहीतरी होतं. राग नव्हे. सोबत मिळाल्यावर माणसाच्या नजरेत जे येतं ते.

"आणि तू पडलीस कशी गं?" डॉक्टरबाईंनी मुलीला विचारलं.

भारतीने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. जिज्ञासाने आईकडे पाहिलं नाही, बापाकडेही नाही. "बाथरूममध्ये," ती म्हणाली. "खाली साबण पडलेला. हिरवा. मी त्याच्यावर पाय दिला आणि सर्रकन गेले." तिने हाताने घसरून दाखवलं. सलाईनची नळी हलली. भारतीने शिकवलं होतं ते एक वाक्य होतं. साबण तिचा स्वतःचा होता. डॉक्टरबाई खाटेवरून उठल्या. मग भारतीला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "घरात काही सांगण्यासारखं असेल तर आमच्याकडे समाजसेविका आहेत. मी असतेच. कधीही सांगा." भारतीने मान हलवली, हो की नाही ते तिलाही कळलं नाही. सांगायचं कुणाबद्दल? ज्याने रक्त द्यायला रांगेत सगळ्यात आधी हात पुढे केला होता, जो तीन रात्री वॉर्डाबाहेरच्या फरशीवर बसून होता, त्याच्याबद्दल? आणि सांगून ती चरबी परत पिशवीत जाणार होती का? तिने ठरवलं, ऑपरेशन होऊ दे, मग बघू. आपल्या आयुष्यातलं सगळं खरं आपण 'मग बघू'च्या फळीवर ठेवत आलो, हेही तिला तेव्हा दिसलं, आणि तेही तिने तिथेच ठेवलं.

विकास मात्र फोनवर होता. व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीशी, एकामागून एक. आईला, चुलत्यांना, कंपनीतल्या मित्रांना, भारतीच्या भावालासुद्धा. "नाही रे, पडण्याचं काही नाही. जन्मतःच होतं. हो ना, डॉक्टरच म्हणाल्या." तिसऱ्या-चौथ्या फोनपर्यंत वाक्य वाढलं. "पडली ते एका परीने बरंच झालं, नाहीतर कळलं कसं असतं?" आणि संध्याकाळपर्यंत ते पुरतं तयार झालं होतं: "देवानेच पाडली म्हणायची." डॉक्टरबाई असं काहीच म्हणाल्या नव्हत्या. पण खोटंही म्हणता येईना, कारण 'कधीतरी फुटलं असतं' हे त्या म्हणाल्याच होत्या. विकासने फक्त त्यातलं अर्धं वाक्य घरी नेलं होतं. भारतीला त्याचा हेवा वाटला. लाज वाटायला हवी होती, राग यायला हवा होता, पण आधी आला तो हेवा. तिलाही कुणीतरी असं अर्धं वाक्य द्यावं, जे उशाशी घेऊन झोपता येईल.

तिला मिळालं ते कौसाबाईकडून. कौसाबाई कुळगावहून डबा घेऊन आली, नातीच्या पायांवरून हात फिरवून रडली, आणि मग बाकावर भारतीशेजारी बसून, आवाज मुद्दाम न चढवता म्हणाली, "मी तवाच बोलले व्हते. सातवा लागला तरी तू त्या कारखान्यात जायचीस. मागं धुलाईची कामं चालायची, तो रंग, ते आसिड, मानसं नाकाला फडकी बांधून बसायची. पोटात पोर नि तू त्या वासात. आता आतमंदी गाठ झाली तर काय नवल हाय?"

"आत्या, डॉक्टर म्हणाल्या वासाबिसाने होत नाही. कशाने होतं ते कुणालाच माहीत नाही. ते अगदी पहिल्या महिन्यातलं आहे, तेव्हा तर मला दिवस गेल्याचंही..."

"डॉक्टरला काय, ती बोलनारच. आनि तो केस? रोज उपटायचीस ना? तुझ्या डोल्यांम्होरं व्हता की नाय?"

विकास तिथेच होता. चहाचे कप घेऊन आला होता. तो म्हणू शकला असता, आई, गप्प बस. एरवी म्हणायचा. तो कप पुढे करत म्हणाला, "जाऊ दे ना आई, आता झालं ते झालं. तिला तरी काय माहीत," आणि ते इतक्या उदारपणे म्हणाला, इतक्या क्षमेने, की भारतीने चहा तसाच बाकावर ठेवून दिला. तिच्या अंगात काहीतरी वर आलं आणि दातांशी येऊन थांबलं. तिने पाहिलं, तो खरोखरच तिला क्षमा करत होता. त्याला ती संध्याकाळ आठवत नव्हती असं नव्हे. आता ती त्याला चालत होती.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि दुपार कलेपर्यंत चाललं. डॉक्टर चैत्राली बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता. पिशवी निघाली, म्हणाल्या. जवळजवळ सगळी. नाकावरचा रस्ताही बंद केला. पसरलेले थेंब मात्र सगळे काढता येत नाहीत, ते तिथे राहतील, वर्षानुवर्षंसुद्धा राहतील. बहुतेक काही करणार नाहीत. फिटची गोळी मात्र चुकवायची नाही, आणि तपासणीला येत राहायचं. विकासने त्यांचे पाय धरले. डॉक्टरबाई मागे सरल्या, आणि सरता सरता त्यांनी भारतीकडे एकदा पाहिलं. आता ते 'मग' आलं होतं, सांगायची वेळ. भारती म्हणाली, "तिला पाणी कधी द्यायचं?"

घरी आल्यावर जिज्ञासा बदलली असं सगळे म्हणत, आणि चांगलं म्हणून म्हणत. औषधांनी चेहरा गोल झाला होता, डोक्यावर काळ्या खुंटांचं रान उगवत होतं आणि त्यात कानापासून कानापर्यंत पांढरी वाट. ती हट्ट करत नसे. जेवणात काय आहे ते विचारत नसे. बापाच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की टीव्हीचा आवाज कमी करून उशी नीट ठेवायची. पूर्वी प्रश्न विचारून डोकं खाणारी, नावाला जागणारी पोर, आता कुणी काय विचारेल ह्याचा अंदाज घेत बसायची. विकासने त्यानंतर तिच्यावर हात उचलला नव्हता. तेवढं खरं होतं, आणि भारती ते प्रामाणिकपणे त्याच्या बाजूला टाकत असे. पण एकदा वरणात मीठ कमी पडलं तेव्हा त्याने ताट सरकवलं, आणि ताट भिंतीला लागायच्या आत जिज्ञासाने मिठाची बरणी आणून ठेवली होती. इतकी चपळ तर ती खो-खोतही नव्हती. भारतीला वाटलं, काढलं ते कपाळामागचं. हे कुठून काढायचं आणि ह्याला कोण डॉक्टर.

रविवारी दुपारी दौलतराव आले. विकासचे चुलते, कुळगावात चार लोकांत शब्द असलेले, भांडणं मिटवणारे. कौसाबाई बरोबर होती. जिज्ञासाला त्यांनी जवळ बोलावलं, डोक्यावरून हात फिरवता फिरवता व्रणापाशी थबकले आणि हात खांद्यावर नेला. भारतीने पोहे केले, बिस्किटं मांडली. आणि विकास सांगायला लागला. ती गोष्ट आता गुळगुळीत झाली होती, नदीतल्या गोट्यासारखी. कुठे थांबायचं, कुठे आवाज जड करायचा, सगळं बसलं होतं. बाथरूम, साबण, टाके, फिट, मुंबई. साबण त्याने मुलीकडून घेतला होता. "काका, पडली म्हणून वाचली. नाहीतर ती गाठ आतल्या आत..." इथे त्याचा गळा नेहमी भरायचा, आणि खरंच भरायचा. त्याने डोळ्यांवर तळवे दाबले.

जिज्ञासा उठली. त्याच्यापाशी गेली, आणि छोटा हात त्याच्या डोक्यावर ठेवून थोपटायला लागली. "रडू नको ना पप्पा. ते आधीपासूनच होतं ना माझ्यात? मग तुझं काय चुकलं?"

दौलतरावांनी बशी खाली ठेवली. "ह्याचं कशाला चुकंल, पोरी?"

जिज्ञासाचा हात थांबला. तिने आईकडे पाहिलं. त्या बघण्यात भीती नव्हती, विश्वास होता. आई आता बोलेल, आई नेहमी बोलते. सगळ्यांचे चेहरे भारतीकडे वळले. बाथरूम तिच्या जिभेवर होतंच, वाळून चिकटलेलं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. तिने उघडलं.

"ह्यांनी मारलं तिला," ती म्हणाली. "गेटपासवरचा फोटो कापला म्हणून. ओट्याच्या कडेवर आपटली ती. बाथरूममध्ये कुणी घसरलं नाही. ते मी सांगितलं होतं."

'ह्यांनी' म्हणाली ती. तेव्हासुद्धा. आता काहीतरी फुटेल, असं तिला वाटलं. विकास ओरडेल, दौलतराव उठून उभे राहतील, निदान कौसाबाई छाती बडवेल. विकासने तळवे डोळ्यांवरून काढलेच नाहीत. दौलतरावांनी बशीतले पोहे चमच्याने सारखे केले. मग त्यांनी निःश्वास टाकला.

"व्हतं असं," ते म्हणाले. "बाप हाय, रागाच्या भरात हात उठतो. मी काय कमी बडवलीत का पोरं? पन इचार कर सूनबाय. तो हात उठला नसता तर ही गाठ कलली असती का? देवानं बापाच्याच हातून करवून घेतलं, असं समजायचं."

"तेच तर," कौसाबाई म्हणाली. "बापाचाच हात तो. वाया जाल का?"

आणि पोहे पुन्हा खाल्ले जाऊ लागले. भारती उभीच होती. इतके दिवस तिने जे दाताखाली धरलं होतं, जे बाहेर पडलं तर घर राहणार नाही असं तिला वाटलं होतं, ते ह्या लोकांनी लिंबू पिळून, खोबरं भुरभुरून खाऊन टाकलं. त्यांच्या पोटाला काही झालं नाही. खोटं बोलायची तर गरजच नव्हती. ह्या घराला खरंही पचत होतं.

ती रिकाम्या बशा उचलून ओट्यापाशी गेली. मागून जिज्ञासा आली, बिस्किटांची ताटली घेऊन. तिचं तोंड उतरलं होतं.

"आई, तू असं का सांगितलंस? आपलं तर ठरलं होतं."

"कारण ते खरं आहे."

"पण मला तर बाथरूमचंच आठवतं," जिज्ञासा म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. भारतीने तिच्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली, मुलीच्या उंचीला आली, आणि दबक्या आवाजात तिने तिला ती संध्याकाळ सांगितली. काहीही न वगळता. तक्ता, कात्री, लाल स्केचपेन, ओल्या डिंकाचा फोटो हातात धरून धावत येणं. थप्पड. कड. पप्पा कसा रडला तेही, चार मजले कसा उतरला तेही. रिक्षातलं 'सॉरी'सुद्धा. "तुझ्या डोक्यात आधीपासून होतं, हे खरंय. आणि पप्पाने मारलं, हेही खरंय. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही. आणि तुझी काहीच चूक नव्हती. सॉरी तू म्हणायचं नव्हतं."

जिज्ञासा ऐकत होती. कित्येक दिवसांनी तिच्या कपाळावर, त्या पांढऱ्या वाटेच्या खाली, जुनी आठी पडली होती, प्रश्न विचारायच्या आधी पडायची ती.

"तेव्हा तू कुठे होतीस?"

"इथेच. ओट्यापाशी. भाकऱ्या करत होते."

जिज्ञासाने ओट्याकडे पाहिलं. मग फरशीकडे. मग पुन्हा आईकडे.

"म्हणजे जवळच होतीस."

"हो," भारती म्हणाली. "जवळच होते."

मुलगी आणखी काहीतरी येईल म्हणून थोडा वेळ थांबली. मग तिने ताटलीत उरलेली बिस्किटं एकावर एक रचली आणि ती घेऊन बाहेर, पप्पाच्या शेजारी जाऊन बसली.